दुधाच्या पावतीवर नसलेले नाव

पहाटे साडेपाचला सांगोला किंवा माळशिरस तालुक्यातल्या कुठल्याही वाडीवर गेले, तर दूध संकलन केंद्रापुढे किटल्यांची रांग दिसते. कुणी सायकलला कॅन अडकवून आलेला असतो, कुणी मोटारसायकलवर, कुणी आजी पदराखाली तांब्या धरून. आतला पोरगा किटलीतले वाटीभर दूध यंत्राच्या नळीखाली धरतो. मिनिटभर शांतता. मग ठरलेला प्रश्न येतो, "फॅट किती लागली?" "तीन सात." चेहरा जरा खुलतो. "आन् एसएनएफ?" "आठ दोन." चेहरा पुन्हा पडतो. गाईच्या दुधाचा दर ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ धरून ठरतो. एसएनएफ त्याच्या खाली तीन पॉइंट गेला की तेवढे पैसे कापले जातात, फॅट चांगली लागली तरीही.

या व्याख्यानाचा विषय त्या पावतीवर आहे आणि नाहीही. एसएनएफ म्हणजे 'सॉलिड्स नॉट फॅट', अर्थात दुधातले पाणी आणि स्निग्धांश वगळून जे घन उरते ते सगळे. नाव मोठे गमतीदार आहे. एखाद्या माणसाची ओळख 'पाटलांच्या घरातला, पण पाटील नसलेला' अशी करून द्यावी, तसे. गाईच्या दुधातल्या या साडेआठ टक्क्यांत सुमारे साडेचार ते पावणेपाच टक्के लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर असते, पाऊण टक्क्याच्या आसपास क्षार असतात आणि सव्वातीन टक्क्यांच्या आसपास प्रथिने. त्या प्रथिनांतला पाचातला चार हिस्सा एकट्या केसीनचा. एक लिटर गाईच्या दुधात साधारण २६ ग्रॅम केसीन भरते. म्हशीच्या दुधात ते ३५ ग्रॅमच्या पुढे जाते. दही त्याच्यामुळे लागते, पनीर आणि चक्का त्याचाच, खव्याला अंग तोच देतो, आणि दूध पांढरे दिसते त्यातही त्याचा मोठा वाटा असतो. पावतीवर मात्र त्याचे नाव नाही.

मराठीतही त्याला रुळलेले नाव नाही. 'केसीन' हा शब्द लॅटिनमधल्या 'केसियस', म्हणजे चीज, यावरून आलेला. मराठी माणसाने या पदार्थाला नाम दिले नाही, क्रियापदे मात्र भरपूर दिली. दूध विरजते, दही लागते, दूध नासते, कढी फुटते. फाटलेल्या दुधाच्या पाण्याला नासकवणी म्हणतात. पंच्यात बांधून टांगलेल्या दह्याचा चक्का होतो. सोलापुरात तर ही बोलणी तीन भाषांतली. मराठी घरात दही, कानडी घरात मोसरु, पूर्व भागातल्या तेलुगू विणकरांच्या घरात पेरुगु. या तिन्ही शब्दांमागे जे घडते, ते केसीनचे.

ते घडते कसे? केसीनचे रेणू दुधात सुटे फिरत नाहीत. अल्फा-एस-१, अल्फा-एस-२, बीटा आणि कॅपा अशा चार जातींचे हजारो रेणू कॅल्शियम फॉस्फेटच्या आधाराने एकत्र येऊन बारीक गोळे करतात. एका गोळ्याचा व्यास मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाच्या घरात. या गोळ्यांवर प्रकाश विखुरतो, म्हणून दूध पांढरे. साय पूर्ण काढून घेतलेले दूधही पांढरेच राहते, फक्त त्याला निळसर झाक येते. गोळे एकमेकांना चिकटत नाहीत, कारण बाहेरच्या अंगाला कॅपा केसीनची लव असते. सोलापुरात ही गोष्ट समजवायला चित्र काढायची गरज नाही. इथल्या टर्किश टॉवेलवर धाग्यांचे उभे फासे असतात, तशीच ही लव. ती ऋणभारित असते आणि शेजारच्या गोळ्याला दूर ठेवते.

विरजण घातले की जिवाणू दुधातल्या साखरेचे लॅक्टिक आम्ल करू लागतात. ताज्या दुधाचा सामू ६.६च्या आसपास असतो. तो उतरत ४.६च्या जवळ आला की लवेचा भार संपतो, गोळे एकमेकांना धरतात आणि सगळ्या भांड्यात एक जाळे तयार होते. त्या जाळ्यात पाणी अडकून बसते. यालाच घरची बाई 'दही छान लागलंय' म्हणते. चीजवाले दुसरी युक्ती करतात. रेनेटमधले कायमोसिन हे विकर कॅपा केसीनची लव एका ठरावीक जागी कापते. टॉवेलचे फासे वस्तऱ्याने उतरवावेत तसे. पूर्वी हे विकर वासराच्या जठरातून काढत, त्यामुळे शाकाहारी घरांचा चीजला आक्षेप असे. १९९० साली अमेरिकेने सूक्ष्मजीवांकडून बनवून घेतलेल्या कायमोसिनला मान्यता दिली आणि आता जगातले बरेचसे चीज त्याच मार्गाने होते.

एक गैरसमज इथेच दूर करायला हवा, कारण मराठी माणसाला तो जवळचा आहे. खरवस केसीनमुळे होत नाही. केसीनला उकळीचे भय नसते. दूध तासभर उकळले तरी ते घट्ट होऊन बसत नाही. याचे कारण त्याची रचनाच मोकळी असते, उष्णतेने उलगडावे असे तिच्यात फारसे काही नसते. नुकत्याच व्यालेल्या गाईच्या चिकात मात्र वासराला रोगांपासून वाचवणारी दुसरी प्रथिने अफाट प्रमाणात असतात. ती वाफेवर उलगडतात आणि एकमेकांत गुंतून वडी धरते. म्हणजे खरवस आणि श्रीखंड ही एकाच दुधाची दोन अपत्ये असली तरी त्यांचे कुळ वेगळे. श्रीखंड हे मात्र खास केसीनचे. चक्का म्हणजे पाणी निथळलेले केसीनचे जाळे, त्यात थोडा स्निग्धांश. ते निथळायला सुती कापड लागते, आणि कापडाच्या बाबतीत सोलापूरला कुणाचे उसने घ्यावे लागत नाही.

सोलापूर जिल्ह्याची दोन जनावरे देशभर ओळखली जातात. एक, सांगोल्याच्या माळावरची खिल्लार. ती मूळची कामाची जात, दुधाला बेताची. दुसरी पंढरपुरी म्हैस, जिची तलवारीसारखी लांब शिंगे खांद्यांच्याही मागे जातात. पंढरपुरी म्हैस सोलापूर, सांगली आणि कोल्हापूरच्या पट्ट्यात आढळते. कोल्हापुरात गवळी तिला गिऱ्हाइकासमोर उभी करून धारोष्ण दूध देतात. दिवसातून अनेकदा थोडी थोडी धार काढू देण्याचा तिचा स्वभाव त्या धंद्याला पोषक ठरला. म्हशीच्या दुधात केसीनचे गोळे मोठे आणि कॅल्शियमही जास्त. त्यामुळे दही घट्ट, खवा भरपूर, पनीरचा उतारा चांगला. पण तान्ह्या बाळाला हेच जड जाते. आईच्या दुधात प्रथिने मुळात कमी आणि त्यांतले केसीन निम्म्याच्या आसपास. म्हणून बाळाच्या पोटात त्याचा मऊ, भुसभुशीत गोळा होतो. म्हशीच्या दुधाचा घट्ट बसतो. १९५०च्या दशकात म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेने म्हशीच्या दुधापासून बालान्न तयार केले, तेव्हा ही अडचण ओलांडणे हाच त्या कामाचा गाभा होता. परदेशी जाणकारांना तर म्हशीच्या दुधाची भुकटी होईल हेच पटत नव्हते. आणंदला दुग्धतंत्रज्ञ हरिचंद दलाया यांनी ती करून दाखवली.

आहारशास्त्रातला केसीनचा सगळ्यात सुंदर प्रयोग मात्र कुठल्याही प्रयोगशाळेत झाला नाही. तो सोलापूरच्या ताटात झाला. मंगळवेढ्याची ज्वारी, मोहोळच्या संशोधन केंद्रात निवडलेला मालदांडी ३५-१ वाण, त्याची कडक भाकरी, शेंगाची चटणी आणि वर दही. ज्वारीच्या प्रथिनात लायसिन नावाच्या आवश्यक अमिनो आम्लाची मोठी उणीव असते. १०० ग्रॅम प्रथिनामागे जेमतेम २ ग्रॅम. केसीनमध्ये ते ८ ग्रॅमच्या आसपास असते. भाकरीत जे कमी, तेच दह्यात जास्त. महिनाभर टिकणारी कडक भाकरी ताकात कुस्करून खाणाऱ्या धनगराला लायसिन ठाऊक नव्हते. ताकाशिवाय भाकरी अंगी लागत नाही, एवढे मात्र ठाऊक होते.

तालमीतल्या पैलवानांचेही तसेच. रात्री झोपताना तांब्याभर दूध पिण्याची पद्धत जुनी. १९९७ साली फ्रान्समधल्या संशोधकांनी दुधातल्या दोन प्रकारच्या प्रथिनांची तुलना केली. पनीरच्या पाण्यात उतरणारी 'व्हे' प्रथिने झटपट पचतात आणि रक्तातली अमिनो आम्ले एकदम वाढून लवकर ओसरतात. केसीन जठरातल्या आम्लात गोठते, सावकाश सुटते आणि जवळजवळ सात तास पुरते. तेव्हापासून व्यायामशाळांत 'फास्ट' आणि 'स्लो' प्रोटीनचे डबे आले. आजच्या पोराला तालमीत वस्ताद सांगतो ते जुनाट वाटते आणि जिममध्ये डब्यावर छापलेले शास्त्रीय वाटते. दोघे सांगतात जवळपास एकच. फरक आहे तो किमतीत.

दुधाने पोट बिघडते अशी तक्रार करणाऱ्यांनी एक भेद लक्षात ठेवावा. बहुतेकांना त्रास होतो तो लॅक्टोजचा, म्हणजे साखरेचा. अशांना दही आणि ताक पुष्कळदा चालते, कारण जिवाणूंनी ती साखर बरीच खाल्लेली असते. केसीनची ॲलर्जी ही वेगळी आणि अधिक गंभीर गोष्ट. ती बहुधा लहान मुलांत दिसते, आणि तिथे ताकही चालत नाही. गंमत म्हणजे चहात टाकायच्या 'नॉन-डेअरी' पांढऱ्या पुडीच्या वेष्टनावर बारीक अक्षरांत 'सोडियम केसिनेट' लिहिलेले असते. दूध नसलेल्या त्या पुडीत दुधाचे प्रथिन असते, आणि ॲलर्जीवाल्या घराने ते बारीक अक्षर वाचायला हवे.

आणि मग ए-वन, ए-टू. हा शब्द आता गावच्या पारावरही पोहोचला आहे. बीटा केसीन ही २०९ अमिनो आम्लांची साखळी. तिच्यातल्या ६७व्या जागी प्रोलिन असेल तर ए-टू, हिस्टिडिन असेल तर ए-वन. एका मण्याचा फरक. खिल्लारसारख्या देशी गाईंत आणि म्हशींत ए-टूचे प्राबल्य, होल्स्टिनसारख्या विदेशी रक्तात ए-वनही सापडते. ए-वन पचताना सुटणारा एक छोटा तुकडा रोगांना कारण होतो, असा दावा झाला. युरोपीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २००९ साली उपलब्ध पुरावे तपासले आणि असा कार्यकारणभाव सिद्ध होत नाही असे म्हटले. आपल्याकडे अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २१ ऑगस्ट २०२४ रोजी वेष्टनांवरचे ए-वन, ए-टूचे दावे काढायला सांगितले आणि २६ ऑगस्टला ते पत्र मागे घेतले. पाच दिवसांत शास्त्र बदलले नव्हते. बाजार मात्र ए-टूच्या नावावर दुप्पट-तिप्पट दर लावत राहिला. खिल्लार टिकावी असे वाटणाऱ्यांना या दराचा उपयोग होत असेल तर त्यात वाईट काही नाही. पण म्हशीचे दूध पिणाऱ्याने 'ए-टू'साठी वेगळे पैसे मोजावेत, हा विनोद आहे. तो आयुष्यभर तेच पीत आला आहे.

आता ताटातून कारखान्यात.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जर्मनीतल्या हॅनोव्हर शहरात विल्हेल्म क्रिश नावाचा मुद्रक शाळांसाठी पांढऱ्या, पुसता येणाऱ्या पाट्या करायच्या खटपटीत होता. काळ्या पाटीऐवजी पांढरी. पुठ्ठ्यावर केसीनचा लेप द्यायचा, पण तो पाण्याने सुटायचा. ॲडॉल्फ स्पिट्लर या रसायनतज्ज्ञाबरोबर त्याने १८९७च्या सुमारास तोड काढली. फॉर्मल्डिहाइडमध्ये ठेवले की केसीन शिंगासारखे कडक होते. मांजराने फॉर्मॅलिनची बाटली दुधाच्या बशीत सांडली आणि शोध लागला, अशी एक कथाही सांगतात. मांजर खरे असो वा नसो, पदार्थाचे नाव पडले गॅलालिथ, ग्रीक भाषेत 'दुधाचा दगड'. १९००च्या पॅरिस प्रदर्शनात तो मांडला गेला. रंग सुंदर घ्यायचा, शिंग, हस्तिदंत, कासवाची पाठ यांची हुबेहूब नक्कल करायचा. कंगवे, फाउंटन पेन, विणकामाच्या सुया, दागिने आणि मुख्य म्हणजे बटणे त्याची झाली. जाड कांड्या कडक व्हायला फॉर्मॅलिनमध्ये कित्येक आठवडे बुडवून ठेवाव्या लागत. दुसऱ्या महायुद्धानंतर स्वस्त प्लास्टिके आली आणि दुधाची बटणे मागे पडली. आजोबांच्या जुन्या कोटाचे चकचकीत बटण गरम पाण्यात टाकून घासले आणि जळक्या दुधासारखा वास आला, तर ओळखावे.

सोलापूरला यापेक्षा जवळची गोष्ट कापडाची. मुसोलिनीने ऑक्टोबर १९३५ मध्ये इथिओपियावर स्वारी केली, राष्ट्रसंघाने इटलीवर निर्बंध लादले, लोकर येईना. त्याच सुमारास अंतोनियो फेरेत्ती या अभियंत्याने केसीनचा धागा काढायची रीत बसवली. केसीन अल्कलीत विरघळवायचे, बारीक छिद्रांतून आम्लाच्या टाकीत सोडायचे, निघालेला धागा फॉर्मल्डिहाइडने पक्का करायचा. स्निया व्हिस्कोझा कंपनीने तो 'लानिताल' नावाने बाजारात आणला. मरिनेत्ती या भविष्यवादी कवीने दुधाच्या कपड्यावर कविता लिहिली. कवितेने काही धागा मजबूत होत नाही. लानिताल ओला झाला की कमजोर पडायचा, आणि लोक सांगत, भिजला की नासक्या दुधाचा वास मारायचा. अमेरिकेत त्याचा भाऊ 'ॲरलॅक' १९४०च्या दशकात आला आणि त्याच दशकात गेला.

१८७७ साली सुरू झालेल्या जुन्या गिरणीच्या शहरात हे ऐकताना कुणी विचारेल, मग सोलापुरात दुधाची चादर का नाही? हिशेब सोपा आहे. १०० किलो सायविरहित दुधातून केसीन निघते साधारण ३ किलो. दोन किलोंची एक चादर विणायची तर साठ-सत्तर लिटर दूध धाग्यात घालावे लागेल. कापसाच्या ताण्याला पिठाची खळ पुरते आणि चादर वर्षानुवर्षे धुतली तरी टिकते. तरीही कल्पना मेली नाही. त्याच हॅनोव्हरमध्ये २०११ साली आंके डोमास्के या तरुणीने माणसाच्या खाण्यात न येणाऱ्या, टाकून द्यायच्या दुधापासून धागा करणारी कंपनी काढली. आणि बाजारात 'मिल्क कॉटन' नावाने जी लोकरीची गुंडी मिळते, तिच्यात केसीन असलेच तर थोडेसे असते, बाकी बहुधा ॲक्रिलिक.

गोंदाची कथा त्याहून जुनी. बाराव्या शतकातल्या थिओफिलस नावाच्या युरोपीय भिक्षूने चीज आणि चुना यांचा सुतारी गोंद कसा करावा ते लिहून ठेवले आहे. पहिल्या महायुद्धातल्या लाकडी विमानांचे प्लायवूड केसीनच्या गोंदाने जोडलेले होते. दुसऱ्या महायुद्धातले डी हॅविलँडचे मॉस्किटो विमानही सुरुवातीला तसेच. दमट, उष्ण हवेत या गोंदाला बुरशी धरते, म्हणून पुढे कृत्रिम रेझिन आले. बाटल्यांची लेबले चिकटवायला केसीन अजून वापरतात. थंड, ओल्या काचेला ते धरते आणि बाटली परत आली की सोड्याच्या पाण्यात सहज सुटते. आर्ट पेपरवरचा गुळगुळीत लेप, चामड्याची चकाकी, काही रंग यांतही ते आहे. दंतवैद्यांकडच्या एका प्रकारच्या पेस्टमध्ये केसीनचे तुकडे कॅल्शियम धरून ठेवतात आणि दाताच्या कवचाला पुरवतात. ते काम मेलबर्नच्या एरिक रेनॉल्ड्स यांचे.

हे सगळे ऐकून संकलन केंद्रापुढच्या रांगेतला माणूस एकच प्रश्न विचारेल, "त्यात माझं काय?"

प्रश्न रास्त आहे. केसीनचा बाजार जागतिक आहे आणि त्याचे हेलकावे किटलीपर्यंत येतात. फेब्रुवारी २०११ मध्ये देशात दूध महागले म्हणून केंद्राने दूधभुकटी आणि केसीन यांच्या निर्यातीवर बंदी घातली. शहरातल्या ग्राहकाला ते बरे वाटले, पण जास्तीच्या दुधाची एक वाट बंद झाली. जुलै २०१८ मध्ये उलटे चित्र होते. भुकटीचे भाव कोसळलेले, गोदामे भरलेली, आणि राजू शेट्टी यांच्या स्वाभिमानी शेतकरी संघटनेने लिटरमागे पाच रुपयांसाठी मुंबईचे दूध रोखले. जानेवारी २०२४ मध्ये गाईच्या दुधाला पुन्हा पाच रुपयांचे अनुदान द्यावे लागले. प्रत्येक वेळी चर्चा रुपयांची झाली, मापाची क्वचितच.

न्यूझीलंडमध्ये शेतकऱ्याला लिटरचे नव्हे, किलोचे पैसे मिळतात. दुधात स्निग्धांश किती किलो आणि प्रथिन किती किलो, एवढेच मोजतात. पाणी वाहून आणल्याबद्दल उलट वजावट होते. तो देश केसीनचा मोठा निर्यातदार आहे, त्याला आपण काय विकतो ते माहीत आहे. आपल्या एसएनएफमध्ये मात्र साखर, क्षार आणि प्रथिन एकाच पोत्यात. या पोत्याचा फायदा भेसळ करणारा घेतो. पाणी घालून एसएनएफ उतरले की साखर, युरिया, माल्टोडेक्स्ट्रिन घालून आकडा पुन्हा वर आणता येतो. केसीन असे स्वस्तात वर आणता येत नाही.

तेवढ्यावरून प्रथिनावर दर द्या म्हणजे सगळे सुरळीत होईल, असे मात्र नाही. प्रथिन मोजायची जुनी रीत नायट्रोजन मोजते. २००८ साली चीनमध्ये पाणी घातलेल्या दुधात मेलामाइन मिसळून तोच नायट्रोजन खोटा वाढवला गेला. जवळजवळ तीन लाख बाळे आजारी पडली, सहा दगावली. माप बदलले की चोरी माप शोधत येते. अवरक्त किरणांवर चालणारी चांगली यंत्रे प्रथिन वेगळे ओळखतात, पण ती महाग, आणि दूध संघाच्या मुख्य प्रयोगशाळेत असतात. वाडीवरचे यंत्र बहुधा ध्वनिलहरींवर चालते. त्याच्या काचेवर फॅट, एसएनएफ, घनता, पाणी यांच्या खाली 'प्रोटीन' असाही एक आकडा उमटतो. तो पुष्कळदा एसएनएफवरूनच गुणाकाराने काढलेला असतो. साखर घातली तर तोही वाढतो. पोरगा त्या ओळीकडे पाहत नाही, पावतीवर ती छापत नाही. पुढची किटली नळीखाली येते आणि रांगेतून पुन्हा आवाज येतो, "फॅट किती लागली?"